तुझ्या भिंतीला पाडलेलं भोक

आई, तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला मी भोक पाडलं. मांडणीच्या मागच्या भिंतीला, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, करंगळी जाईल एवढं. आधी मांडणी काढली, मग भोक पाडलं. दोन्ही तुझ्या मनाविरुद्ध, आणि दादाने नको म्हटल्यावरही. तुला जाऊन दहा वर्षं झाली, तरी हे सांगताना माझा आवाज चढतोय हे माझं मला कळतंय. चढू दे.

घर तुला पाठ आहे, पण वायफाय तुझ्या वेळी आपल्याकडे नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. रस्त्यावरच्या खांबावरून एक बारीक केबल हॉलच्या खिडकीतून आत येते आणि जिथे तुझा फोन असायचा त्या कोनाड्यात एका पांढऱ्या डबीपाशी संपते. तिला राउटर म्हणतात. तिथून पुढे तार नाही, नुसत्या लहरी, दिसत नाहीत आणि ऐकूही येत नाहीत. हॉलमध्ये त्या भरपूर असतात. मधल्या खोलीत तुझं लोखंडी कपाट, त्याला उभा आरसा, तिथे त्या पहिल्यांदा अडतात. मग स्वयंपाकघर, तिथे फ्रिज, आणि मागच्या भिंतीला छतापर्यंत चढलेली तुझी स्टीलची मांडणी. ताटं, परातींच्या उतरंडी, एकात एक घातलेली पातेली, नावं कोरलेले डबे. त्या भिंतीच्या पलीकडे मी. बाबांनी घर बांधताना भिंती दीड फुटी घातल्या, एप्रिलमध्येसुद्धा पंखा लागत नाही, असं तू येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगायचीस. विटेतून लहरी कशाबशा येतात. स्टीलच्या भांड्यांवरून मात्र आल्या वाटेने परत फिरतात. म्हणजे या घरात जे काही यायचं ते हॉलपासून तुझ्या ओट्यापर्यंत ऐटीत येतं आणि माझ्या खोलीच्या भिंतीशी मरतं.

सासर सोडून मी परत आले तो दिवस घे. डिसेंबर आहे, तू ओट्यापाशी पाटावर बसून मटार सोलतेस. मी दारात दोन बॅगा घेऊन उभी आहे. तू माझ्याकडे बघतेस, मग बॅगांकडे, मग पुन्हा मटारांकडे. "आलीस? राहा चार दिवस," म्हणतेस. मी म्हणते, "आई, मी चार दिवसांसाठी नाही आले." तू एक शेंग सोलतेस, दाणे पातेल्यात पडतात, त्यांचा आवाज मला आजही ऐकू येतो. मग म्हणतेस, "मागची खोली झाडून घे. आणि भिंतीला खिळे ठोकू नकोस. तात्पुरतंच तर आहे." त्या वेळी मी मान डोलावली. पंधरा वर्षं झाली त्याला. तोंडाच्या आत जीभ कुठे लागते ते दाखवणारा माझा मोठा तक्ता पंधरा वर्षं मी खुर्चीवर टेकवून ठेवला, कारण तो टांगायला खिळा लागला असता.

माझं काम तुला कधी पटलं नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलायला शिकवायचं, याला काम म्हणतात हेच तुला मान्य नव्हतं. "आ कर, ऊ कर, याचे पण क्लास निघाले का?" असं तू शेजारच्या काकूंसमोर म्हणालीस आणि दोघी हसलात. संध्याकाळी पोरांना घेऊन आया यायच्या, तेव्हा तू सांगायचीस, "मागच्या दाराने आण त्यांना. हॉलमधून नको." कारण हॉलमधून आले असते तर लोकांनी विचारलं असतं की लेक इथेच राहते का. मग बोळातून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, त्या बायका चपला हातात घेऊन माझ्या खोलीत यायच्या. एकदा मात्र तू मेनरोडवरून रिक्षात घालून एक लहान लाकडी टेबल घेऊन आलीस. मी जमिनीवर बसून काम करते हे तू पाहिलं होतंस. मला इतका आनंद झाला की मी तुला मिठी मारणार होते, तेवढ्यात तू म्हणालीस, "हलकं बघून घेतलंय. जाताना उचलून नेता येईल." आई, देताना तरी ते वाक्य गिळायचं होतंस.

तू गेलीस, दादा पुण्यालाच राहिला, मी राहिले. नंतर सगळं जग घरात बसलं तेव्हा माझं कामही पडद्यावर आलं, आणि पुढे जग बाहेर पडलं तरी माझे निम्मे पेशंट पडद्यावरच राहिले. ज्यांना सुरगाण्याहून, येवल्याहून नाशिकला येणं झेपत नाही, ते फोनवर दिसतात. त्यांतलेच एक म्हातारे, त्यांना मी बाबाच म्हणते. निफाडच्या पुढे द्राक्षबाग, वय सत्तरीचं, अख्खं आयुष्य मजुरांवर आणि व्यापाऱ्यांवर ओरडण्यात गेलेलं. एका सकाळी मेंदूला झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळं समजतं, शब्द सापडत नाही. एक-दोन-तीन म्हणायला लावलं तर दहापर्यंत धडाधड म्हणतात, आरतीच्या ओळी म्हणतात, पण समोरच्या वस्तूचं नाव विचारलं की तोंड उघडं राहतं आणि डोळ्यांत राग येतो. त्यांची सून फोन धरून बसते. तिच्यामागे पडवी दिसते, कधी कोंबडी जाते. पाच महिने आम्ही एकाच शब्दामागे होतो, पाणी. ओठ मिटा, हवा अडवा, सोडा.

त्या दिवशी मी पेला उचलून कॅमेऱ्यासमोर धरला आणि विचारलं, "बाबा, हे काय?" त्यांनी बराच वेळ पेल्याकडे पाहिलं. मग ओठ मिटले. घट्ट, जसे मिटायला मी पाच महिने सांगत होते तसे. आणि चित्र थिजलं. मिटलेल्या ओठांवर, अर्ध्या मिटलेल्या डोळ्यांवर थिजलं आणि मधोमध ते गोल फिरायला लागलं. मी हातातला पेला तसाच धरून बसले. मिनिटभराने चित्र हललं तेव्हा सून हसत होती, रडत होती, बाबा तिच्याकडे पाहून मान हलवत होते. "मॅडम, बोलले ना! पाणी म्हनले! तुम्ही ऐकलं ना?" आणि मी काय म्हटलं असेल? "मला नाही ऐकू आलं. बाबा, पुन्हा एकदा म्हणा." इतकी वर्षं हे काम करते, मला कळायला हवं होतं. 'वा बाबा' म्हणून टाळ्या वाजवल्या असत्या तर काय बिघडलं असतं? बाबांनी पुन्हा प्रयत्न केला. त, त, त, एवढंच आलं. पुन्हा त, त. त्यांचा चेहरा लाल झाला, त्यांनी डाव्या हाताने सुनेच्या हातातला फोन ओढला आणि पालथा घातला. मला फक्त काळोख दिसत होता आणि सुनेचा आवाज येत होता, "मॅडम, राहू द्या आज." त्यानंतर दोन आठवडे त्यांनी फोनसमोर बसायला नकार दिला. सून म्हणाली, "त्यांना वाटतंय, ते बोलले ते चुकलं."

चूक त्यांची नव्हती. माझी होती, आणि तुझ्या भिंतीची होती.

मी कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो हॉलमध्ये उभा राहिला, फोन राउटरसमोर धरला आणि म्हणाला, "मॅडम, इथे तर फुल येतंय." मी म्हटलं, "मी इथे बसत नाही." तो म्हणाला, "मग इथे बसा ना." त्याला मागच्या खोलीत नेलं. त्याने एक दुसरी डबी काढली, माझ्या टेबलाशेजारी प्लगमध्ये खोचली, हिरवे दिवे लागले, आणि तो गेला. संध्याकाळी पुन्हा तेच, दिवे सगळे हिरवे आणि चित्र अडकलेलं. मग मी स्वतः बसून वाचलं, व्हिडिओ पाहिले आणि मला समजलं की ती डबी पलीकडून ऐकलेलं फक्त पुढे सांगते. माझ्या खोलीत बसून तिला काही ऐकूच येत नव्हतं, तर ती पुढे सांगणार काय? ती मधल्या खोलीत ठेवली तेव्हा थोडा फरक पडला, पण कपाटाच्या आरशाने आणि मांडणीने उरलेलं खाल्लंच. फोनवर सिग्नल मोजायचं एक ॲप घेतलं आणि एका रविवारी घरभर हिंडले. आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितकं चांगलं. हॉलमध्ये उणे चाळीस. मधल्या खोलीत पंचावन्न. मांडणीसमोर बासष्ट. भिंतीच्या पलीकडे, माझ्या खुर्चीवर, उणे चौऱ्याऐंशी. एका भिंतीत बावीस आकडे गेले. मी खुर्चीवर बसून तो आकडा बघत राहिले. हे घर मला कुठवर आत घेतं, ते कुणीतरी पहिल्यांदा मोजून दाखवलं होतं.

मी मांडणी रिकामी करायला घेतली. ती पुसायचं काम तुझी सून करायची नाही, दादा करायचा नाही, दरवर्षी दिवाळीला मीच पुसायचे, त्यामुळे कुठलं भांडं कुठे ते हाताला माहीत होतं. काही परातींवर तुझ्या माहेरच्यांची नावं, काहींवर आपल्या बाबांच्या ऑफिसची. एका डब्यावर माझं नाव सासरच्या आडनावासकट. तो तू आणला होतास, माझ्या रुखवतातला, आणि परत आला तेव्हा पुढे रांगेत न ठेवता मागे, तळाला ठेवला होतास. सगळी भांडी खाली जमिनीवर उतरवली तेव्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. नुसती भांडी काढल्याने आकडा आठने सुधारला. मी तशीच परातींच्या मधोमध उभी राहून हसले. पण आठने भागणार नव्हतं. खरा उपाय एकच होता, हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत तार आणायची आणि माझ्या खोलीत माझा स्वतंत्र राउटर लावायचा. लहरींवर भरवसाच ठेवायचा नाही. त्यासाठी भिंत फोडावी लागणार होती.

दादाला मी फोन केला. परवानगीसाठी केला असं त्याला वाटलं.

"अगं, हॉलमध्ये बस की," तो म्हणाला. "हॉल रिकामाच असतो दिवसभर."

"हॉलमध्ये रिक्षांचे हॉर्न येतात, बाजाराचा गलका येतो. ज्याला एक शब्द काढायला दोन मिनिटं लागतात त्याला मी त्या गोंगाटात बसवू?"

"पण आईची मांडणी आहे गं ती. आणि तात्पुरत्या सोयीसाठी भिंत कशाला फोडतेस?"

"तात्पुरतं म्हणजे किती वर्षं रे, दादा?"

तो म्हणाला, "मी तसं म्हटलं नाही."

"तू नाही म्हटलंस. आई म्हणाली होती. तू तेव्हा सुट्टीला आला होतास, हॉलमध्ये पेपर वाचत होतास आणि तू ऐकलं होतंस."

"आता हे कशाला काढतेस?" तो म्हणाला. "फोड तुला फोडायची तर. मला विचारू नकोस."

"विचारत नाहीये. सांगतेय," मी म्हटलं आणि फोन ठेवला. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आई, आणि घर माझ्या अंगावर कोसळलं नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून मी ड्रिल मशीन एका दिवसासाठी आणलं, त्याला भोक पाडायचं दोन फुटी बिट. दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे?" मी म्हटलं, "मीच." त्याने पुन्हा एकदा बिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "थोडं तिरपं धरा, आणि अर्ध्यात थांबून माती काढत राहा, नाहीतर अडकेल." एवढाच सल्ला मला त्या सगळ्या प्रकरणात उपयोगी पडला. दुपारी जेवून मी तोंडाला ओढणी बांधली. विजेच्या बोर्डापासून लांब, मांडणीमुळे तीस-चाळीस वर्षं रंग न लागलेल्या त्या पांढुरक्या चौकोनात, पेन्सिलीने फुली मारली. तुझ्या आवाजात कुणीतरी 'नको' म्हणेल असं वाटलं. कुणी म्हटलं नाही. मी बटण दाबलं. आधी प्लास्टरची पूड आली, पांढरी, मग वीट, लाल. मशीन छातीला हादरे देत होतं, दात वाजत होते, आणि मी मोठमोठ्याने बोलत होते. काय ते सगळं लिहीत नाही. त्यात 'मागच्या दाराने' होतं, 'लोक काय म्हणतील' होतं, ते टेबलही होतं. मशीनच्या आवाजात माझं मलाही ऐकू येत नव्हतं. तीनदा थांबले, माती काढली, पुन्हा दाबलं. अचानक समोरचा जोर गेला आणि मी भिंतीवर आदळले, कपाळाला टेंगूळ आलं. पलीकडे पळत गेले तर भोक ठरवल्यापेक्षा चार बोटं खाली निघालं होतं, कडेने प्लास्टरचा मोठा टवका उडालेला, आणि माझ्या खोलीतल्या फरशीवर लाल विटेची पूड. त्या भोकाला डोळा लावला. तुझा ओटा दिसला.

मग तार. हॉलच्या कोनाड्यातून, मधल्या खोलीच्या चौकटीवरून, स्वयंपाकघराच्या कडेकडेने. वीतभर अंतरावर एक क्लिप आणि प्रत्येक क्लिपेला एक खिळा. किती खिळे ठोकले ते मोजले नाहीत. शेवटचे दोन उरले, ते तक्त्यासाठी वापरले. आता जिभेचा तक्ता माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवर आहे, सरळ. नवा राउटर माझ्या खोलीत लावला आणि आकडा पाहिला, उणे अडतीस. तुझ्या हॉलपेक्षा जास्त. मोठी पातेली पंचवटीतल्या एका देवळाच्या भोजनघराला दिली, तिथे ती रोज चुलीवर चढतात. मांडणीचा सांगाडा भंगारात गेला. दादाची बायको दिवाळीला आली की तोंड वाकडं करेल, करू दे.

बाबांच्या सुनेला मी स्वतःहून फोन केला. म्हटलं, "चूक माझ्या घरातली होती, बाबांची नव्हती, हे त्यांना सांग." ती म्हणाली, "सांगून पाहिलं मॅडम, लय हट्टी हायेत." तरी चार दिवसांनी तिने त्यांना कसंबसं बसवलं. चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या दाढीचे पांढरे खुंट दिसत होते. ते माझ्याकडे बघेनात. मी आधी माफी मागितली. मग सवयीने पेला उचलला. "बाबा, हे काय?"

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाय."

स्पष्ट. न तुटता. सून फोन हलवायला लागली, "मॅडम, ऐकलं?" या वेळी मी ऐकलं होतं. मी विचारलं, "नाय? का नाय?" बाबांच्या कपाळाची शीर फुगली. ओठ मिटले, उघडले. "नाय… पानी… नाय." मग बराच वेळ काही नाही. मी बोलले नाही, सुनेला बोलू दिलं नाही. कोंबडी मागून गेली. शेवटी शब्द आला, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, "च्या!"

पाच महिने आई, पाच महिने मी त्या माणसापुढे पाणी नाचवत होते आणि त्याला चहा हवा होता. सून हसत आत पळाली. बाबा एकटे, तिरक्या फोनमध्ये अर्धे दिसत बसले होते आणि माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच त्यांची मजूर आणि मीच उशिरा आले. मी पेला खाली ठेवला. म्हटलं, "बरोबर आहे बाबा. च्या." आणि रडले, हॉलपर्यंत ऐकू जाईल असं.

आता ते आठवड्यातून दोनदा बसतात. शब्द अकरा झालेत, त्यांतले चार शिव्या. माझे पेशंट पुढच्या दाराने येतात, हॉलमध्ये बसतात, चपला दाराशी काढतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "बराच फेरफार केलास म्हणे घरात?" मी म्हटलं, "हो. मी इथे राहते." तुला राग येईल असं जे जे होतं ते सगळं केलं, आणि कशाचीच माफी मागणार नाही. भोक पुट्टीने भरून घे असं दादा म्हणतो. नाही भरणार.

हे कागद घडी घालून ठेवून देणार आहे. दादालाही दाखवणार नाही. फक्त एक राहिलं, ते इथेच लिहून टाकते. मी सासरी होते त्या वर्षांत तू दर रविवारी दुपारी मला फोन करायचीस. जमवून घे म्हणायलाच करत असशील असं धरून मी दोन वाक्यं झाली की म्हणायचे, "आई, आवाज तुटतोय गं, इथे रेंज नाही." मग तू पलीकडून मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत ओरडायचीस, "बरी आहेस का? जेवलीस का? ऐकू येतंय का?" मी फोन कानाला लावून गप्प उभी राहायचे आणि थोड्या वेळाने कापायचे. रेंज पूर्ण असायची, आई. मला सगळं ऐकू येत होतं.